प्रशिक्षकाला नारळ मिळाल्यावर चाहत्याने कसे वागावे

महिला फुटबॉलमधले जाणकार व्हायचं असेल तर सामने बघत बसायची काही गरज नाही. एकेका सामन्याला दोन तास जातात, आणि युरोपातला सामना डोंबिवलीतून बघायचा म्हणजे बऱ्याचदा झोपेचंही खोबरं. त्यापेक्षा दबा धरून बसा. भर हंगामात एखाद्या क्लबने प्रशिक्षकाला नारळ दिला, की मग उठा, चष्मा पुसा आणि बोलायला लागा. तुमची खरी गरज तेव्हाच असते.

सरावाला लंडनच्या आर्सेनल क्लबचा २०२४ सालचा ऑक्टोबर घ्या. योनास आयडेवाल हे स्वीडिश गृहस्थ २०२१ पासून आर्सेनलच्या महिला संघाचे प्रशिक्षक होते. त्या ऑक्टोबरात घरच्या मैदानावर एव्हर्टनशी ०-०. मग ९ तारखेला चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपभरातल्या क्लबांच्या स्पर्धेत, म्युनिकला बायर्नकडून ५-२ हार, त्यातले तीन गोल एकट्या पर्निले हार्डरचे. तीनच दिवसांनी आर्सेनलच्याच एमिरेट्स मैदानावर चेल्सीकडून २-१. इंग्लंडच्या लीगचे चार सामने झाले आणि हाती गुण पाच. १५ ऑक्टोबरला साहेबांनी राजीनामा दिला.

आता तुमचं पहिलं वाक्य: “मी तर केव्हाचा सांगत होतो.” केव्हापासून, हे कुणी विचारत नाही, कारण विचारणाराही केव्हाचाच सांगत असतो. मात्र राजीनाम्याच्या दिवशी दुपारी हे म्हणायचं आणि संध्याकाळी सूर बदलायचा. संध्याकाळचं वाक्य असं: “माणूस वाईट नव्हता हो, क्लबनेच साथ दिली नाही.” एका दिवसात दोन्ही बाजू सांभाळून ठेवल्या की पुढचे सात-आठ महिने काहीही घडलं तरी तुम्ही बरोबरच ठरता.

गेलेल्या माणसाचा हिशेब मांडताना स्मरणशक्तीला फार ताण देऊ नये. त्याने चेल्सीला हरवून लागोपाठ दोन वर्षं, २०२३ आणि २०२४ मध्ये, लीग कप आणला, हे सोडून द्या. लीग कपला कोण विचारतं? (पुढे तुमच्याच क्लबने तो पुन्हा जिंकला तर विचारायचं. तो नियम वेगळा.) २०२३ च्या वसंतात बेथ मीड, व्हिव्हियाने मिडेमा, लिया विल्यमसन अशा एकेक मोहरा गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटून बाहेर बसलेल्या होत्या. तरी उरलेल्यांना घेऊन हा माणूस चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. साठ हजारांवर लोकांनी भरलेल्या एमिरेट्सवर त्याचा संघ वोल्फ्सबुर्गशी जादा वेळेतही झुंजला आणि ११९ व्या मिनिटाला गोल खाऊन बाहेर पडला. हे सगळं आठवायला लागलात तर तुमचा सूर हळवा होईल, आणि हळव्या माणसाला जाणकार म्हणत नाहीत.

मिडेमा मात्र अजिबात विसरायची नाही. लीगच्या इतिहासात सर्वाधिक गोल करणारी ही बाई. क्लबने २०२४ च्या उन्हाळ्यात तिचा करार वाढवला नाही, ती मँचेस्टर सिटीला गेली, आणि नव्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात एमिरेट्सवर येऊन तिने आर्सेनलवर गोल केला. खरं सांगायचं तर चाहत्यांचा राग बायर्नच्या पाच गोलांवर नव्हताच, या एका गोलावर होता. हे उघड बोलायचं नसतं. “डावपेचात स्पष्टता नाही”, “खेळाडूंचा विश्वास उडालाय” अशी भारदस्त वाक्यं वापरा. खेळाडूंच्या खोलीत काय चाललंय ते डोंबिवलीत आधी कळतं, अशी लोकांची समजूत व्हायला हवी.

मग येतो काळजीवाहू प्रशिक्षकाचा प्रश्न. आर्सेनलने सूत्रं सहायक प्रशिक्षक रेने स्लेगर्स यांच्याकडे दिली. वय ३५, मूळच्या नेदरलँड्सच्या, आवाज शांत. याहून मोठा गुन्हा काय असणार? तुम्ही ताबडतोब मोठ्या नावाची मागणी करायची. नाव कोणतं, हे महत्त्वाचं नाही. ते मोठं हवं, येणं शक्य नसलेलं हवं आणि शक्यतो कालच गुगलवर सापडलेलं हवं. स्लेगर्सबाईंनी स्वीडनमध्ये रोसेनगोर्ड क्लबला २०२१ आणि २०२२ अशी दोन वर्षं लीगचं विजेतेपद मिळवून दिलं होतं, अशी माहिती कुणी पुढे केली तर “स्वीडनची लीग ती, इथे इंग्लंड आहे” एवढं म्हणून विषय संपवा. आयडेवालही स्वीडनहूनच आले होते आणि तेव्हा तुम्हीच “स्कँडिनेव्हियन शिस्त” म्हणून नाचला होतात, ही बाब तिथे काढू नये.

राजीनाम्याच्या दुसऱ्याच दिवशी चॅम्पियन्स लीगमध्ये नॉर्वेच्या व्हालेरेंगावर ४-१ असा विजय मिळाला. प्रतिक्रिया: प्रतिस्पर्धी दुबळा होता. तो धरून अकरा सामने झाले, दहा जिंकले, एक बरोबरीत सुटला. डिसेंबरात त्याच बायर्नला ३-२ हरवून आर्सेनल गटात पहिलं आलं. प्रतिक्रिया: खेळाडू आता मोकळेपणाने खेळतायत, यात प्रशिक्षकाचं काय? संघ हरला की दोष प्रशिक्षकाचा आणि जिंकला की गुण खेळाडूंचा, हा नियम जिथे जिथे चेंडू लाथेने मारतात तिथे सगळीकडे चालतो.

१७ जानेवारी २०२५ ला क्लबने स्लेगर्सबाईंना कायम केलं. आता म्हणा, “पैसे वाचवले.” नऊ दिवसांनी चेल्सीने १-० हरवलं, तेव्हा तर तुम्हाला दिवाळीच.

इथून पुढे थोडं सावध राहावं लागतं, कारण फुटबॉल तुमच्या मतांची कदर करत नाही. मार्चमध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत माद्रिदला, खेळपट्टी म्हणवत नाही अशा मैदानावर, रेआल माद्रिदकडून ०-२. तुम्ही शोकसंदेश लिहिलात. आठवड्याभराने परतीच्या लढतीत लंडनमध्ये अलेसिया रुसोने दोन आणि मारिओना काल्देन्तेयने एक गोल मारला, ३-०. तुम्ही शोकसंदेश पुसलात. एप्रिलमध्ये उपांत्य फेरीत फ्रान्सच्या लियोंकडून घरी १-२, पुन्हा शोक. २७ एप्रिलला, रविवारी, लियोंच्या घरात शिरून ४-१. आता स्लेगर्सबाई थोर, त्यांचा पुतळा उभारा, वगैरे. आणि लगेच बुधवारी लीगमध्ये अॅस्टन व्हिलाकडून ५-२! रविवारी पुतळ्याची वर्गणी काढणारा माणूस बुधवारी हातोडी घेऊन निघतो आणि त्याला त्यात काहीही विसंगत वाटत नाही, याला खरी निष्ठा म्हणतात. मग ब्रायटनकडूनही ४-२ मार खाल्ला. लीग तोवर चेल्सीच्या खिशात गेलेली. चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात समोर सलग तिसऱ्या विजेतेपदाला निघालेला बार्सेलोना.

२४ मे, लिस्बन. भारतात रात्रीचे साडेनऊ, म्हणजे यावेळी झोपेचंही निमित्त नाही. ६७ व्या मिनिटाला ०-० असताना स्लेगर्सबाईंनी बेथ मीड आणि स्टिना ब्लॅकस्टेनियस अशा दोघींना एकदम उतरवलं. आदर्श चाहत्याने नेमक्या याच वेळी मोबाइल हातात घ्यावा आणि “हे काय बदल? संपलं सगळं” असं टाइप करावं. पाठवू मात्र नये. टाइप करून, बोट वर धरून, सात मिनिटं थांबावं. ७४ व्या मिनिटाला मीडने चेंडू आत सरकवला, ब्लॅकस्टेनियसने तो जाळ्यात धाडला. आता “हे काय बदल?” हा पहिला भाग खोडा आणि “संपलं सगळं”च्या पुढे “बार्सेलोनाचं” जोडा. १-०. आर्सेनल १८ वर्षांनी पुन्हा युरोपचे विजेते, तेही पात्रता फेरीच्या पहिल्या पायरीपासून चढत येऊन.

१८ वर्षांपूर्वीची गोष्ट निघालीच आहे तर सांगतो, तुम्ही विसरून जा. २००७ मध्ये आर्सेनलच्या बायकांनी युरोप जिंकलं तेव्हा त्यांचे प्रशिक्षक होते व्हिक एकर्स. महिला संघ उभा करणारेही तेच, १९८७ साली. आणि पुरुषांच्या संघाचे कपडे-बूट सांभाळणारे किटमनही तेच! म्हणजे युरोपचं विजेतेपद मिळवणारा माणूस पुरुष खेळाडूंचे शर्टही मोजून ठेवत होता. तो राहिला काय, गेला काय, तेव्हा किती जणांची झोप उडाली असती? आता प्रशिक्षक गेला की रात्रभर शिव्याशाप चालतात. मला विचाराल तर महिला फुटबॉलला मिळालेला हा पहिला खणखणीत मान आहे, आणि तो तुम्ही दिलाय. क्रिकेटवाल्यांनी आपापल्या कर्णधारांना तो केव्हाच दिलेला आहे.

सगळेच क्लब काही आर्सेनलइतके सोपे नसतात. मँचेस्टर सिटीने गॅरेथ टेलरना काढलं १० मार्च २०२५ ला, लीग कपच्या अंतिम सामन्याला पाच दिवस उरले असताना. जुने प्रशिक्षक निक कुशिंग यांना परत बोलावून आणलं आणि त्यांच्या हाती वेळापत्रक ठेवलं: बारा दिवसांत चार सामने, चारही चेल्सीशी. कप गेला. मग चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीतल्या पहिल्या लढतीत २-० विजय, दोन्ही गोल मिडेमाचे (आर्सेनलवाल्यांनी इकडे दुर्लक्ष करावं). मग लीगमध्ये हार, आणि परतीच्या लढतीत ०-३. अशा वेळी नव्या प्रशिक्षकाला शिव्या द्याव्यात की जुन्याला, हा पेच पडतो. दोघांना द्या. वेळापत्रक करणाऱ्याला देऊ नका, तो कोण हे शोधावं लागेल.

अमेरिकेतल्या सॅन डिएगो वेव्ह क्लबात तर प्रकरण आणखी वरच्या दर्जाचं. प्रशिक्षक केसी स्टोनी यांनी २०२३ मध्ये लीगची शील्ड, म्हणजे गुणतक्त्यात पहिलं येणाऱ्याचा मान, जिंकून दिली. जानेवारी २०२४ मध्ये क्लबने त्यांचा करार २०२७ पर्यंत वाढवला. सलग सात सामन्यांत विजय नाही म्हटल्यावर जूनमध्ये त्यांना काढलं. २०२७ इतकं लवकर आलं! मग एक काळजीवाहू, मग त्याच्या जागी आणखी एक काळजीवाहू, लँडन डॉनोव्हन, पुरुषांच्या फुटबॉलमधलं मोठं नाव. तुम्ही आर्सेनलसाठी मागत होतात तसंच. त्याने काही हंगाम सावरला नाही. अखेर २०२५ च्या जानेवारीत क्लबने कायमचा प्रशिक्षक नेमला. कोण? योनास आयडेवाल. तुम्ही ज्यांना केव्हापासून ओळखत होतात, तेच.

आता सॅन डिएगोचा एखादा चाहता तुम्हाला विचारील, “माणूस कसा आहे?” इथे तुमचं दुपारचं वाक्य काढावं की संध्याकाळचं, ते तिकडचे निकाल बघून ठरवा. आणि स्लेगर्सबाईंचंही काही कायमचं मनावर घेऊ नका. २०२५ च्या ऑक्टोबरात सिटीकडून ३-२ आणि तीनच दिवसांनी लियोंकडून २-१ अशी हार झाली तेव्हा युरोपचं विजेतेपद साडेचार महिन्यांचं जुनं झालेलं होतं, आणि तेवढं जुनं म्हणजे शिळंच. जाणकाराने अशा वेळी कुरकुरायला लागावं. फक्त पुढचा सामना कधी आहे, ते आधी कुणाला तरी विचारून घ्या.