एक टक्का देणाऱ्या सौरघटाचे काय करायचे? एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार. बाजारातली सिलिकॉनची पॅनेल आज २० टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता देत असताना, नागपुरातले विद्यार्थी जांभळाच्या रंगावर चालणारा जेमतेम एक टक्क्याचा सौरघट करत बसतात आणि माझ्या लेखात त्याचा 'स्वस्त ऊर्जेचे संशोधन' म्हणून गौरव होतो, हा आपला आक्षेप आहे. आकडे बरोबर आहेत, आणि असा घट छपरावर बसवण्याजोगा नाही हेही खरे. तरीही हे काम व्यर्थ आहे, हा आपला निष्कर्ष मला पटत नाही.

या घटाचा मुख्य थर टायटॅनियम डायऑक्साइडच्या सूक्ष्म कणांचा असतो. हा पदार्थ पांढरा असतो; दृश्य प्रकाश तो जवळजवळ शोषतच नाही. प्रकाश टिपते ते त्याच्या कणांना चिकटलेले रंगद्रव्य, आणि त्यातून सुटलेला इलेक्ट्रॉन कणांच्या जाळ्यातून काचेवरच्या वाहक थरापर्यंत पोहोचतो. सपाट पृष्ठभागावर मावणारे रंगद्रव्य अगदीच थोडा प्रकाश शोषते, म्हणून सुमारे २० नॅनोमीटरचे कण घेऊन काही मायक्रोमीटर जाडीच्या थरातच पृष्ठभाग शेकडो पटींनी वाढवला जातो. याच युक्तीने ओरेगन आणि ग्रॅट्झेल या शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये ७ टक्क्यांची मजल गाठली. जांभळातले अँथोसायनिन हे रंगद्रव्य मागे पडते, कारण ते रुथेनियम या धातूच्या रंगद्रव्यांइतके घट्ट बसत नाही आणि उन्हात लवकर विटते. सिलिकॉन १४१४ अंशांना वितळते, ते महाविद्यालयात कोण शुद्ध करणार? टायटॅनियम डायऑक्साइडच्या कणांची पेस्ट मात्र ४५० अंशांच्या साध्या भट्टीत भाजता येते. प्रत्येक थर स्वतः केल्यामुळे इलेक्ट्रॉन नेमका कुठे वाया जातो, हे विद्यार्थ्याला थरागणिक तपासता येते.

'स्वस्त' या दाव्याबद्दल आपण सावध आहात, ते योग्यच आहे. खर्च नॅनोकणांचा नसतो, वाहक काचेचा आणि समोरच्या इलेक्ट्रोडवरच्या प्लॅटिनमचा असतो. प्लॅटिनमऐवजी कार्बन वापरणारे प्रयोग मला म्हणूनच मोलाचे वाटतात.

खरी कसोटी उष्णतेची आहे. कार्यक्षमता मोजतात ती २५ अंशांना, आणि नागपुरात मे महिन्यात हवाच ४५ अंशांपर्यंत जाते. उन्हातला घट त्याहून बराच तापतो. रंगद्रव्याला इलेक्ट्रॉन परत पुरवणाऱ्या द्रावणात, म्हणजे द्रव इलेक्ट्रोलाइटमध्ये, नेहमी वापरले जाणारे अ‍ॅसिटोनायट्राइल हे द्रावक ८२ अंशांना उकळते, पण त्याआधीच त्याची वाफ सांध्यांतून निसटू लागते. घट्ट सील आणि जेलसारखा इलेक्ट्रोलाइट यांची परीक्षा घ्यायला विदर्भाचा उन्हाळा उत्तम आहे, आणि त्या दिशेने काम करणाऱ्या मुलांना अधिक टक्क्यांच्या मागे लावू नये, असे माझे ठाम मत आहे. आपण त्यांना प्रश्न जरूर विचारावेत; मात्र टक्क्यांसोबत घटाचे क्षेत्रफळ, मोजतानाचे तापमान आणि महिन्याभराने उरलेली कार्यक्षमता हेही मागावे.