शाफ्ट मायक्रोमीटरने, माणूस नजरेने?

गेले पंधरा दिवस नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीतल्या कारखानदारांमध्ये एक मेसेज फिरतोय. मला तो सहा जणांनी पाठवला. थोडक्यात असा: ‘भरती शिकायला परिषदेला जाणं म्हणजे फी आणि दिवस दोन्ही वाया. खरा मालक माणूस केबिनमध्ये शिरतानाच ओळखतो. अनुभव किती वर्षांचा ते बघावं, शक्यतो ओळखीतलाच घ्यावा. बाकीचे चोचले मोठ्या कंपन्यांचे.’

मी अंबडच्या एका मशीन शॉपमध्ये, म्हणजे धातूचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, अकरा वर्षं भरतीचं काम बघते. गेल्या महिन्यात नाशिकमध्येच झालेल्या एचआर परिषदेला जाऊन आले. हा मेसेज मला नुसता चुकीचा नाही, नुकसानीचा वाटतो.

‘केबिनमध्ये शिरतानाच कळतो.’ आपल्याकडे शाफ्ट, म्हणजे यंत्रातला फिरणारा दांडा, तयार झाला की इन्स्पेक्शनवाला ‘दिसायला बरा आहे’ म्हणून पास करतो का? शतांश मिलिमीटरपर्यंत दाखवणारा मायक्रोमीटर लावतो, आणि टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल, हे ड्रॉइंगवर आधीच लिहिलेलं असतं. माणूस घेताना मात्र ड्रॉइंगच नसतं. समोरचा आला, बसला, बोलला. मग आपण ठरवतो आपल्याला काय हवं होतं ते.

परिषदेत आमच्या टेबलावर सात जण होतो, सगळे मुलाखती घेऊन मुरलेले. एका उमेदवाराची नमुना मुलाखत दाखवली आणि एकमेकांशी न बोलता दहापैकी गुण लिहायला सांगितले. चिठ्ठ्या उघडल्या तर तीनपासून आठपर्यंत सगळे आकडे! मग एक कागद दिला: पाच ठरलेले प्रश्न, आणि प्रत्येकाखाली कोणत्या उत्तराला किती गुण ते स्पष्ट लिहिलेलं. दुसऱ्या उमेदवाराच्या वेळी आमचे आकडे एका-दीड गुणाच्या आत आले. माणसं तीच, नजर तीच. फक्त माप आधी ठरलं होतं.

ही एका टेबलाची गंमत नाही. मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी भरतीच्या पद्धतींवरच्या जुन्या संशोधनाची नव्याने आकडेमोड करून २०२२ मध्ये निष्कर्ष मांडले. निवडीच्या वेळचा अंदाज आणि नंतरचं काम यांचा मेळ किती बसतो, हे त्यात शून्य ते एक अशा मापाने सांगितलंय. ठरलेले प्रश्न आणि ठरलेले गुण असलेल्या मुलाखतीचा आकडा सरासरी ०.४२. मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीचा ०.१९. पहिलीही अचूक नाहीच, पण फरक दुपटीहून जास्त आहे.

‘अनुभवाची वर्षं बघा.’ त्याच अभ्यासात वर्षांच्या अनुभवाचा आकडा ०.०७ आहे, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. शॉपमधल्यांना याचं नवल वाटू नये. दहा वर्षं मशीनवर काढून ऑफसेट (मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती) दुसऱ्याकडून भरून घेणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत.

इथे एक प्रसंग सांगते. जिल्ह्याच्या आदिवासी भागातल्या सुरगाण्याकडचा एक मुलगा पहाटेच्या एसटीने नाशिकच्या सीबीएस स्टँडला उतरून मुलाखतीला आला होता. केबिनमध्ये मान वर करेना, उत्तरं दोन-दोन शब्दांची. मी मनातल्या मनात ‘नको’ लिहून टाकलं होतं. पण तेव्हा आम्ही कामाची चाचणी नुकतीच सुरू केली होती, म्हणून त्याला ड्रॉइंग, एक तयार पीस आणि मायक्रोमीटर दिला. त्याने आधी मायक्रोमीटरची माप धरणारी दोन्ही टोकं कापडाने पुसली, ती एकमेकांना टेकवून शून्य बरोबर येतं का ते पाहिलं, मगच पीस धरला. दाब ठरावीकच ठेवणारा रॅचेटच फिरवला, ताकद लावली नाही. तीन ठिकाणी माप घेतलं आणि हळूच म्हणाला, ‘मॅडम, हा एका बाजूला टेपर आहे, निमुळता होतोय.’ त्याच्या आधीच्या फाडफाड बोलणाऱ्या, आठ वर्षांच्या अनुभवाच्या उमेदवाराने शून्य तपासलंच नव्हतं. चाचणीला लागली वीस मिनिटं. चाचणी सुरू होण्याआधी माझ्या केबिनमधून अशी किती मुलं परत गेली असतील, याचा विचार आला की आजही वाईट वाटतं.

‘ओळखीतलाच घ्या.’ यात तथ्य आहे, ते नाकारणार नाही. ओळखीने आलेला माणूस कामाची कल्पना घेऊन येतो आणि बरेचदा टिकतो. पण आपली ओळख जाते कुठवर? आपल्या गावापर्यंत, आपल्या समाजापर्यंत. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, नावं तेवढी वेगळी. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, उच्चजातीय हिंदू नावाच्या तुलनेत पुढचं बोलावणं येण्याची शक्यता दलित नावाला साधारण दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाला एक-तृतीयांश निघाली. ही तर जाहिरात देऊन केलेली भरती. जिथे जाहिरातच नाही, तिथे सुरगाण्याच्या मुलाला जागा असल्याचं कळणार तरी कसं?

आणि विश्वासाचा माणूसच हवा असेल, तर शिकाऊ उमेदवार आहेत की. तीस किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला ते घेणं कायद्याने बंधनकारकच आहे, मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के. सातपूरच्या आयटीआयमधून मुलगा घ्या, वर्षभर काम बघा. याहून पक्की ओळख कोणती?

‘मोठ्या कंपन्यांचे चोचले.’ पाचशे माणसांत एक चुकीचा लागला तर झाकून जातो. पन्नासांत तो दोन टक्के असतो, आणि रात्रपाळीला मशीनवर तो एकटाच असतो.

परिषदेत वेळ वाया गेला नाही असं नाही. सकाळचे दोन तास शाल-श्रीफळात गेले. पण तिथून आणलेला एक नियम आम्ही लगेच लागू केला: मुलाखत घेणाऱ्यांनी आधी आपापले गुण लिहायचे, मग बोलायचं. पहिल्याच दिवशी आमच्या सुपरवायझर काकांचे गुण साहेबांपेक्षा चारने वेगळे निघाले. एरवी साहेबांनी तोंड उघडल्यावर काकांनी नुसती मान हलवली असती. त्या दिवशी त्यांना कारण सांगावं लागलं, आणि साहेबांनी ते ऐकून घेतलं.