वॉटरप्रूफ म्हणजे स्फोटरोधक नव्हे

एक मेसेज फिरतोय: "टाकीत उतरायला महागडा सेफ्टी टॉर्च कशाला? तीन-चार व्होल्टच्या सेलने ठिणगी पडत नाही, एलईडी तापत नाही. साधा वॉटरप्रूफ हेडलॅम्प डोक्याला बांधा, दोन्ही हात मोकळे."

ही टाकी म्हणजे आत पेटणारा गॅस साचलेला असू शकतो अशी. मेसेजमधलं शेवटचं सोळा आणे खरं. एका हातात टॉर्च धरून शिडी उतरणारा माणूस मलाही बघवत नाही. पण बाकीचं?

आधी तो सेल. हवेत योग्य प्रमाणात मिसळलेला मिथेन पेटायला साधारण ०.२८ मिलिजूल ऊर्जा पुरते (मिलिजूल म्हणजे जूलचा हजारावा भाग), हायड्रोजनला तर ०.०२च्या आसपास. हेडलॅम्पमधल्या एका भरलेल्या '१८६५०' मापाच्या लिथियम सेलमध्ये तीसेक हजार जूल असतात. जूल, मिलिजूल नव्हे! व्होल्ट कमी म्हणजे धोका नाही, ही समजूत तशी जुनीच. १९१३ साली वेल्समधल्या सेंघेनिथच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन ४३९ कामगार गेले. कारण ठामपणे सिद्ध झालं नाही, पण बॅटरीवर चालणाऱ्या सिग्नलच्या घंटांच्या ठिणगीवर संशय होता. अशा घंटांवर पुढे झालेल्या प्रयोगांतूनच 'इंट्रिन्सिकली सेफ' ही कल्पना आकाराला आली: सर्किटमधली ऊर्जाच इतकी बांधून ठेवायची, की ठिणगी पडली तरी गॅस पेटू नये.

एलईडी तापत नाही म्हणणाऱ्याने फुल ब्राइटनेसवर दहा मिनिटं चाललेल्या हेडलॅम्पची मागची बाजू चाचपून पाहावी. शिवाय प्रश्न नुसत्या एलईडीचा नाही. सर्टिफाइड सेफ्टी लॅम्पवरचं 'टी४' म्हणजे बिघाड गृहीत धरूनही पृष्ठभाग १३५ अंश सेल्सिअसच्या वर जाणार नाही. साध्या लॅम्पमध्ये सेल शॉर्ट झाला तर तार किती तापेल, याची हमी कोण देणार?

वॉटरप्रूफचा मुद्दा लवकर आटोपतो. आयपी६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास निभावतं. लॅम्प उंचावरून पडून फुटला तर आतली ठिणगी काय करेल, हे ती चाचणी विचारतच नाही. 'आयए' या इंट्रिन्सिकली सेफमधल्या सर्वांत वरच्या दर्जाच्या लॅम्पला मात्र एकाच वेळी दोन बिघाड झाले तरी सुरक्षित राहावं लागतं.

अर्थात स्फोटरोधक उपकरणांवरचं 'एक्स' (Ex) चिन्ह नुसतं पाहून भागत नाही. कोणत्या गॅससाठी चालेल, त्यावरून लॅम्पचे गट असतात. नुसत्या 'आयआयबी' गटाचा लॅम्प हायड्रोजनच्या जागी चालत नाही, तिथे 'आयआयसी' हवा. सेलही लेबलवर लिहिलाय तोच. आमच्या एका कामावर उजेड मंदावला म्हणून एक गडी टाकीतच सर्टिफाइड लॅम्प उघडायला बसला होता. झाकणाच्या स्क्रूला खास पाना लागतो म्हणून जमलं नाही, आणि तो वर येऊन कंपनीला शिव्या घालत बसला. स्क्रू तसा ठेवलाय तो नेमका याचसाठी, हे त्याला बाहेर उभं राहून समजावलं.