स्क्रू आवळल्याने काळा धूर जात नाही

इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, जुना पेट्रोल ट्रक काळा धूर सोडत असेल तर कार्बोरेटरचा (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) मिक्श्चर स्क्रू फुल टाइट करा, ॲव्हरेज वाढेल. अहो असं नसतं. तो स्क्रू फक्त आयडलिंगचं, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवणारं पेट्रोल सांभाळतो, चढावर लोड घेताना धूर येत असेल तर त्याचा काय संबंध? तिथे मेन जेट (लोडवर पेट्रोल सोडणारं बारीक भोक), फ्लोटची (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलची पातळी सांभाळणारा तरंगा) लेव्हल नाहीतर चोकअप झालेला एअर फिल्टर बघा. आमच्याकडे तर चोकची, म्हणजे थंड इंजिन चालू करताना हवा अडवणारी फडकीच अर्धी अडकलेली निघाली, प्लग काजळीने काळेकुट्ट, बोटाने पुसलं की मखमलीसारखी काजळी हाताला, आणि आम्ही दोन दिवस स्क्रूच फिरवत बसलेलो 😅

आणि फुल टाइट तर करूच नका, स्क्रूच्या सुईचं टोक चेपतं, मग सेटिंग लागतच नाही. इंजिन गरम करून चोक पूर्ण उघडा, स्क्रू हलक्या हाताने टेकवून साधारण दीड फेरा मागे घ्या, मग थोडं थोडं फिरवत जिथे इंजिन सर्वात स्मूथ चालेल तिथे सोडा. दुसरं, इंदूर उंचावर आहे म्हणून गाडी रिच (पेट्रोल जास्त, हवा कमी) चालते म्हणे! साडेपाचशे मीटरने एवढा धूर होत नाही हो.