तुरटीला एवढी जागा का? जिनोव्हावरील लेखाच्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

इटलीतील जिनोव्हा या बंदराच्या मध्ययुगीन सागरी व्यापारावरील माझ्या लेखात मलबारच्या मिरीला दोनच ओळी मिळाल्या आणि तुरटीने मात्र अर्धा लेख व्यापला, हा आपला आक्षेप मी लक्षपूर्वक वाचला. भूमध्य समुद्रावरचा सगळा व्यापार आपल्या मसाल्यांवरच उभा होता, असे आपण लिहिता. व्हेनिसच्या बाबतीत त्यात बरेच तथ्य आहे. तिथल्या सरकारी गॅलींचे (वल्ह्यांच्या लांबट जहाजांचे) ताफे मसाल्यांसाठी अलेक्झांड्रियाला जात, आणि १४२० च्या दशकात इजिप्तचा सुलतान बार्सबाय याने मिरीची विक्री स्वतःच्या हाती घेतली तेव्हा व्हेनिसशी त्याचे खटके उडाले.

जिनोव्हाची गोष्ट निराळी आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात बेनेदेत्तो झक्कारिया या जिनोव्हाच्या व्यापाऱ्याला बायझंटाईन सम्राटाकडून आशिया मायनरच्या (आजच्या तुर्कस्तानच्या) किनाऱ्यावरील फोकाया मिळाले, आणि तिथल्या डोंगरात तुरटीचा दगड होता. हा दगड भट्टीत भाजायचा, ढीग रचून त्यावर कितीतरी दिवस पाणी मारत राहायचे, तो भुसभुशीत झाला की उकळत्या पाण्यात घालायचा आणि वरची निवळी थंड होऊ देऊन स्फटिक धरायचे, असे ते काम असे. मंजिष्ठेचा लाल रंग लोकरीवर पक्का बसवायचा तर तुरटीवाचून भागत नाही (आपल्याकडच्या रंगाऱ्यांनाही हे ठाऊक होते), त्यामुळे फ्लँडर्स आणि इंग्लंडमधील कापडाच्या धंद्याला ती सतत लागे. १३४६ मध्ये जिनोव्हाच्या सिमोने विन्योसोने जवळचे कियोस बेट आणि फोकाया दोन्ही जिंकल्यावर कियोस हे या तुरटीचे कोठार बनले. पंधराव्या शतकात तिथून निघालेली कित्येक अवाढव्य जहाजे जिनोव्हाला न थांबता जिब्राल्टर ओलांडून थेट फ्लँडर्समधील ब्रूजच्या बंदराकडे किंवा इंग्लंडमधील साउदॅम्प्टनला जात.

आपण व्यापार किमतीने मोजता. बंदराचा विचार करताना मला वजनही मोजावे लागते. मिरी मौल्यवान खरी, पण थोड्या जागेत मावणारी, म्हणून ती व्हेनिसच्या आटोपशीर गॅलींना परवडे. एवढी मोठी जहाजे बांधणे, त्यांना इतक्या लांब नेणे हे तुरटी, धान्य, मीठ असा जड माल होता म्हणूनच परवडले. १४५५ मध्ये फोकाया ऑटोमन तुर्कांकडे गेले, पुढे काही वर्षांतच पोपच्या मुलखात तोल्फा येथे तुरटी सापडली, आणि ख्रिस्ती व्यापाऱ्यांनी तुर्कांची तुरटी घेऊ नये असे फर्मान रोमहून निघाले. एवढे राजकारण ज्या मालाभोवती फिरले, त्याची जागा मी लेखातून कमी करणार नाही. मलबारच्या मिरीला न्याय द्यायचा तर अलेक्झांड्रियावर स्वतंत्रपणे लिहायला हवे, आणि ते मी लिहीन.