एक घास चिऊचा, उरलेलं पाकीट काऊचं

मार्च उजाडला की आपल्यातला पक्षिप्रेमी अंग झाडून उठतो. २० मार्चला चिमणी दिन. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकारानं २०१० मध्ये तो सुरू झाला, आणि चिमणी वाचवायला आपल्याला वर्षातला एक सुटसुटीत दिवस मिळाला. त्या दिवशी सकाळी आठच्या आत तुमच्या बाल्कनीतल्या मातीच्या भांड्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर पडला नाही, तर चिमण्यांचं काही अडत नाही, तुमचं अडतं. तेव्हा लागा तयारीला.

हे दिवस विणीचे. चिमण्या, बुलबुल, दयाळ, शिंपी, सगळ्यांच्या घरी पाळणा हलायच्या बेतात असतो. आपण तर बाळंतिणीला डिंकाचे लाडू करणारी माणसं! म्हणून डबे उघडा. सादळलेली शेव, तळाशी उरलेला चिवडा, परवाची पोळी, बुरशी धरू लागलेला पाव, यातलं काहीही आता कचऱ्यात टाकायचं नाही. कचऱ्यात टाकली तर ती नासाडी, कठड्यावर ठेवली की भूतदया. मीठ पक्ष्यांना बाधतं असं जाणकार म्हणतात, पण पाहुण्याला अळणी वाढणं आपल्या रीतीत बसतं का?

फक्त एक अडचण आहे. पिल्लांना यातलं काहीच चालत नाही. मोठी चिमणी दाणे टिपते हे खरं, पण तिच्या पिल्लाला सुरुवातीला लागतात अळ्या, कोळी, तुडतुडे. अंगावर पीस नसलेला तो गुलाबी गोळा जेमतेम पंधरवड्यात उडायला लागतो, तो काही बिस्किटाच्या भुग्यावर नाही. आईबाप दिवसभर चोचीत किडे घेऊन खेपा घालत असतात.

म्हणून आधी किड्यांचा बंदोबस्त करा. कढीपत्त्यावर लिंबाच्या फुलपाखराची अळी असेलच. लहानपणी ती पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार. दिसली की फवारा. गच्चीपासून गेटपर्यंत पेस्ट कंट्रोल याच महिन्यात उरकून घ्या. बागेत पालापाचोळा राहू देऊ नका, त्यात किडे होतात. असा सगळा परिसर स्वच्छ झाला, की ऑनलाइन मागवलेला फीडर बाजरीनं काठोकाठ भरा आणि चिमण्या का बरं कमी झाल्या, यावर हळहळायला खुर्ची टाकून बसा.

फीडरवर चिमणी नाही आली तरी कबूतर येईल. ते येतंच. कबुतराचं बरं असतं, त्याला पिल्लांसाठी अळ्या शोधत वणवण करावी लागत नाही. दाणे खायचे आणि गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं दुधासारखं खाद्य पिल्लांना पाजायचं. म्हणजे तुमच्या बाजरीतून थेट कबुतरंच पिकतात. एका वेळी दोन अंडी, आणि बाळंतपणं जवळजवळ बारमाही. खालच्या मजल्यावरच्या काकांच्या खोकल्याकडे लक्ष देऊ नका. कबुतरांच्या विष्ठेनं फुप्फुसं बिघडतात वगैरे डॉक्टर सांगतच असतात. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, पण तुमच्या एसीच्या कट्ट्यावर कोण टाकणार?

पिल्लू कुंडीपाशी फुदकताना सापडलं तर लगेच उचला. नुकतंच घरट्याबाहेर पडून उडायला शिकतंय, आईबाप समोरच्या तारेवर ओरडतायत, असल्या शंका काढू नका. बुटाचं खोकं, कापूस, ड्रॉपरनं दूध. ते श्वासनलिकेत गेलं तर? गेलं. आपण प्रयत्न केला.

हे मी अनुभवातून सांगतोय. गेल्या एप्रिलमध्ये आमच्या मधुमालतीत बुलबुलानं वाटीएवढं घरटं केलं. काड्या, मुळं, कुणाच्या तरी पतंगाचा मांजा. गुलाबीसर, तांबूस ठिपक्यांची तीन अंडी. आई म्हणाली, “अरे, बाळंतीण आहे ती. पडदा ओढ.” मी ओढला, मोबाइल मावेल इतकी फट ठेवून. पिल्लं निघाल्यावर घरट्यापासून हातभर अंतरावर ग्लुकोजच्या बिस्किटांची बशी मांडली. बिचारीला लांब जायला नको. ती आली ती चोचीत हिरवी अळी धरून. मला पाहून ग्रिलवरच थांबली. शेपूट खालीवर, शेपटीखालचा लाल डाग सारखा दिसायचा आणि झाकायचा, चोचीच्या टोकाला अळी हळूहळू वळवळत होती. अकरा मिनिटांचा व्हिडिओ आहे माझ्याकडे. ती काही आत गेली नाही. पिल्लं चोची वासून बसली होती, तेही छान आलंय.

बिस्किटाला तिनं तोंड लावलं नाही. कावळ्यानं लावलं. दोन दिवस तो मुकाट बिस्किटं खाऊन गेला, तिसऱ्या दिवशी बशीवरून त्यानं मान तिरकी करून वेलीत पाहिलं. चौथ्या सकाळी घरट्यात मांजा तेवढा होता.

कावळ्याला आम्ही नावं ठेवली, चप्पल उगारली. भाद्रपदात त्यालाच हात जोडून ‘का, का’ करायचंय, हे एप्रिलमध्ये कुणाच्या लक्षात राहतं? त्यानंही मनावर घेतलं नाही. रोज सव्वासातला येतो. बिस्किट उचलतो, चिमण्यांसाठी ठेवलेल्या मातीच्या भांड्यात बुडवतो आणि मऊ झालं की खातो, आपण चहात बुडवून खातो तसंच.