‘सहा महिने एका पत्त्यावर, की जोडीदार डिपेंडंट’: अमेरिकेतल्या फॉरवर्डचा हिशेब

रिटर्न भरायचे दिवस आले की अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरू लागतो. ‘लग्न झालेलं नसलं तरी जोडीदाराला डिपेंडंट दाखवा. सहा महिने एका पत्त्यावर राहिलात की पुरे. हेड ऑफ हाउसहोल्ड मिळतं, हजारो डॉलर वाचतात. जोडीदार भारतात असेल तर पाठवलेले पैसे धरा.’ (डिपेंडंट म्हणजे करासाठी तुमच्यावर अवलंबून धरलेली व्यक्ती; हेड ऑफ हाउसहोल्ड म्हणजे घर चालवणाऱ्या अविवाहिताला जास्त सवलत देणारा करवर्ग.) यातलं पहिलं वाक्य तेवढं खरं, तेही अटींसकट.

सहा महिन्यांचा नियम मुलांसाठीचा आहे. जोडीदार कायद्याने नातेवाईक नाही, त्यामुळे त्याला पूर्ण वर्ष तुमच्या घरात राहावं लागतं. फेब्रुवारीत सामान हलवलं तर ते वर्ष गेलंच. मध्ये महिनाभर भारतात जाऊन आल्याने बिघडत नाही.

जोडीदाराच्या उत्पन्नाबद्दल फॉरवर्ड चकार शब्द काढत नाही, आणि मेख तिथेच आहे. २०२५ साठी त्याचं करपात्र ढोबळ उत्पन्न ५,२०० डॉलरपेक्षा कमी हवं. ढोबळ म्हणजे खर्च वजा करण्याआधीचं. समजा त्याचा पुण्यातला फ्लॅट महिना ४०,००० रुपयांनी भाड्याने दिलाय. वर्षाचे ४,८०,०००, डॉलर ८५ रुपये धरला तरी साधारण ५,६५० डॉलर. सोसायटीचा मेंटेनन्स आणि कर्जाचं व्याज भरून हातात दमडी उरत नसली तरी दावा गेला.

‘घरखर्च मीच करतो’ हेही आकड्यांत दाखवावं लागतं. जोडीदाराच्या एकूण पालनपोषणातला निम्म्याहून जास्त खर्च तुमचा हवा. भाडं वर्षाला २८,८०० आणि किराणा-वीज ९,६०० असेल, तर दोघांच्या घरात त्याचा वाटा १९,२००. तो सगळा तुम्ही भरता. पण त्याने स्वतःच्या नावावर कर्ज काढून २०,००० डॉलर फी भरली, तर एकूण ३९,२००, निम्मे १९,६००. चारशे डॉलरनी हुकलं. स्कॉलरशिपही त्याच्याच बाजूला मोजली जाते; ती न मोजण्याची सूट फक्त स्वतःच्या मुलांना आहे.

भारतात राहणाऱ्या जोडीदाराचा मुद्दा एका ओळीत संपतो: डिपेंडंट अमेरिकेचा नागरिक किंवा करदृष्ट्या रहिवासी हवा, नाहीतर कॅनडा-मेक्सिकोत राहणारा. पैसे कितीही पाठवा. इथे असूनही एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरचे लोक यातच अडकतात, कारण पहिली ५ कॅलेंडर वर्षं ते सहसा अनिवासीच धरले जातात. ऑगस्ट २०२२ मध्ये पहिल्यांदा आलेल्याचं २०२६ हे पाचवं वर्ष.

हेड ऑफ हाउसहोल्ड तर मुळीच नाही. त्यासाठी रक्ताचं किंवा कायद्याचं नातं लागतं. २०२५ ला सिंगलची स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट मिळणारी वजावट) १५,७५०, हेड ऑफ हाउसहोल्डची २३,६२५. केवळ जोडीदाराच्या जोरावर ही ७,८७५ ची जादा वजावट घेतलीत तर तिच्यामुळे वाचलेला कर व्याजासकट परत जातो, वर दंड लागू शकतो. सगळ्या अटी जमल्या तरी हातात येतं ते ५०० डॉलरचं क्रेडिट (करातून थेट मिळणारी सूट), तेही कर देणं असेल तरच आणि जोडीदाराचा सोशल सिक्युरिटी नंबर किंवा आयटिन (तो नंबर न मिळणाऱ्यांचा कर क्रमांक) वेळेत काढलेला असेल तर. बेफिकिरीने खोटा दावा केल्याचं ठरलं तर पुढची २ वर्षं हे क्रेडिटही बंद.

(आणखी एक गंमत: लग्नाविना एकत्र राहणं स्थानिक कायद्याविरुद्ध असेल तर डिपेंडंटचा दावा चालत नाही. मिसिसिपीत तसा जुना कायदा अजून पुस्तकात आहे. मिशिगनने आपला २०२३ मध्ये रद्द केला.)

खरा पैसा वाचतो तो कंपनीच्या आरोग्य विम्यात, आणि फॉरवर्डला त्याचा पत्ताच नाही. कंपनीने जोडीदाराला कव्हर दिलं की तिने भरलेला हप्ता एरवी तुमच्या डब्ल्यू-२ मध्ये (पगाराच्या वार्षिक कर-दाखल्यात) उत्पन्न म्हणून चढतो. तो जोडीदार करदृष्ट्या डिपेंडंट असेल तर चढत नाही, आणि या कामापुरती ५,२०० ची मर्यादा लागत नाही. बाकीच्या अटी लागतात. त्यासाठी एचआरकडे सहीचं घोषणापत्र द्यावं लागतं. ते ओपन एन्रोलमेंटच्या (दरवर्षी विमा निवडायच्या मुदतीच्या) वेळीच मागून घ्या.